जेवलात का? – चातुर्मासाच्या संकल्पाआधी थोडं बोलणं

॥ श्रीगुरवे नमः ॥



आषाढी एकादशी तोंडावर आली. कांदेनवमीची भजी झाली की घराघरांत संकल्पांची बोलणी सुरू होतील. कुणी एकभुक्त राहणार, कुणी एकवाढी करणार, कुणी धरणे-पारणे, कुणी चार महिने वांगं आणि कांदा-लसूण सोडणार. इंदूरच्या आमच्या गटात दरवर्षी यासाठी एक वही फिरते. तीत ज्याचा त्याचा संकल्प लिहायचा आणि खाली सही करायची. यंदा वही फिरवण्याआधी आम्हां सेवेकरी भगिनींना सगळ्यांशी थोडं बोलायचं आहे. हे लिहायला जरा उशीर झाला, कारण यात आमचीच एक चूक सांगायची आहे.

गेल्या चातुर्मासात आमच्यातल्या एका भगिनीनं धरणे-पारणे धरलं होतं. (तिला विचारूनच लिहितो आहोत. फक्त नाव नको, म्हणाली.) म्हणजे एक दिवस जेवण, एक दिवस उपास. त्यात गुरुवार आणि एकादशी वेगळ्या. घरात सासू-सासरे, शाळेत जाणारी दोन मुलं, पहाटे पाचला उठून डबे. उपासाच्या दिवशी चार वेळा चहा आणि वाटीभर साबुदाणा. पारण्याच्या दिवशी तरी पोटभर जेवावं, तर सगळ्यांचं आटोपेपर्यंत तीन वाजायचे, मग पातेल्यात जे उरलं असेल ते.

भाद्रपदात तिची चिडचिड सुरू झाली. पोथी वाचताना ओळ सुटायची आणि लगेच डोळ्यांत पाणी यायचं. एकदा धाकट्यावर हात उगारला आणि मग स्वतःच रात्रभर रडत बसली. जिना चढताना धाप लागायची, पायांना मुंग्या यायच्या, गॅसवर दूध ठेवून ती विसरायची. हे सगळं ती आमच्याजवळ मोकळेपणानं बोलली, बरं का. लपवलं काही नाही. आणि आम्ही काय सांगितलं? एक माळ वाढव. साधनेत परीक्षा होतेच. आमच्यातली एक तर म्हणाली की मनात कुठे किंतु असेल म्हणून व्रत सोसत नाहीये. तिनं ते खरं मानलं, पहाटेची झोप अर्धा तास कमी केली आणि माळ वाढवली.

दिवाळीच्या आधी ती जिन्यात चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन जिथे बारा तरी हवं तिथे साडेसात निघालं, आणि बी-१२ फारच खाली. डॉक्टरीणबाईंनी तिला पहिलं काय विचारलं असेल, तर "जेवता काय तुम्ही?" आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "ताई, इतक्या महिन्यांत हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं."

ती रागानं नाही बोलली, पण आम्हांला ते फार लागलं. कारण आपल्या माउलींची सवय आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दर्शनाला कुणी कुठूनही येवो, कितीही मोठं दुःख घेऊन येवो, त्यांचा पहिला प्रश्न "जेवलात का?" नसेल जेवला तर आधी प्रसादाला पाठवायचे, प्रश्न-उत्तरं मागाहून. तो प्रश्न आपण सगळे इतक्या वर्षांत कितीदा कौतुकानं सांगतो! आणि समोर आपलीच बहीण उपाशी बसली होती, तेव्हा आमच्यापैकी एकीलाही तो आठवला नाही.

म्हणून या वर्षी आम्ही दर बुधवारी दुपारी बसून, अन्न आणि मन यांविषयी आपल्या शास्त्रात काय आहे ते परत उघडून वाचलं.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात श्वेतकेतूची गोष्ट आहे. उद्दालक आरुणींचा हा मुलगा बाराव्या वर्षी गुरूकडे गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत आला, थोडा अभिमान घेऊनच. वडील त्याला सांगतात की खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. जड भाग बाहेर पडतो, मधल्याचं मांस होतं, आणि जो सगळ्यांत सूक्ष्म भाग, त्याचं मन होतं. मन अन्नाचं बनलेलं आहे! मुलाला हे पटेना. वडील म्हणाले, ठीक आहे, पंधरा दिवस जेवू नकोस. पाणी मात्र हवं तेवढं पी, कारण प्राण पाण्यावर टिकतो. पंधरा दिवसांनी मुलगा आला. वडील म्हणाले, म्हण आता वेद. तर बारा वर्षं घोकलेल्यातलं त्याला काही म्हणजे काही आठवेना. वडिलांनी दृष्टान्त दिला तो असा, की मोठ्या धगधगत्या अग्नीतला काजव्याएवढा एक निखारा उरला, तर तो कितीसं जाळणार? माणसाच्या सोळा कला असतात, त्यातली तुझी एकच उरली आहे. जा, जेव. तो जेवला, परत आला, आणि विचाराल ते सगळं सांगू लागला. त्याच निखाऱ्यावर गवत घातलं की तो पुन्हा पेटतो, तसं.

ही कथा आम्ही पूर्वीही ऐकली होती. या वेळी वाचताना एका जागी थांबलो. मुलगा म्हणाला, मला आठवत नाही. यावर वडील काय म्हणू शकले असते? तुझं चित्त शुद्ध नाही, तुझी श्रद्धा कमी पडली, अजून घोक. यातलं काहीच ते म्हणाले नाहीत. "जा, जेव" म्हणाले. आणि आम्ही म्हणालो होतो, माळ वाढव.

कुणाला वाटेल, ही जुनी कथा झाली. तर आमच्या एका भगिनीची मुलगी आहारशास्त्र शिकते, तिनं आम्हांला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं तो केला. युरोपात लाखो माणसं उपासमारीनं खंगली होती, त्यांना परत कसं उभं करायचं हे कळावं म्हणून. त्यासाठी ३६ धडधाकट तरुण आपणहून पुढे आले. हे तरुण कोण, तर ज्यांनी युद्धात शस्त्र धरायला नकार दिला होता असे. त्यांतले पुष्कळ जण धर्मश्रद्धेमुळे नकार दिलेले. म्हणजे मनानं कच्चे, श्रद्धेनं कमी असे नव्हेत.

त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसातून दोनदा जेवण. बटाटे, पाव, कोबी, सलगम, मॅकरोनी असलं काहीतरी. वर आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायचं. सहा महिन्यांत प्रत्येकाचं वजन जवळजवळ चौथाई उतरलं. शरीरानं काय केलं? तर जसं सिलिंडर संपत आला की आपण गॅस बारीक करतो, तसं केलं. नाडी मंद झाली, अंग थंड पडू लागलं, ऐन उन्हाळ्यात त्यांना पांघरूण लागायचं. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. चयापचय म्हणतात ते हेच. कमी खाल्लं की शरीर कमी खर्चात घर चालवायला लागतं, आणि कोणते दिवे आधी विझवायचे ते शरीरच ठरवतं, आपण नाही.

पण आम्हांला धक्का बसला तो मनाचं वाचून. हसतमुख मुलं, पण त्यांचं हसणं गेलं. बारीकसारीक गोष्टींवरून चिडायची. एकटं राहावंसं वाटायचं. पुस्तक हातात घेतलं तर लक्ष लागेना. दिवसभर डोक्यात फक्त जेवण. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे आणि ताटं चाटून पुसून ठेवायचे. काहींना खोल उदासी आली. आपल्या बहिणीचं भाद्रपदातलं वागणं आणि हे शेजारी-शेजारी ठेवून बघा. आणि ते पूर्ववत कशानं झाले? मुख्यतः भरपूर जेवण्यानं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊनही पाहिल्या, पण जेवणच कमी असेल तर त्या गोळ्यांनी फारसा फरक पडला नाही. बरं व्हायला महिनोन्महिने गेले.

मेंदूचं वजन आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण स्वस्थ बसलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. घरात असा एखादा असतो ना, बारकासा, पण जेवायला सगळ्यांत जास्त! त्याचं ताट रिकामं राहिलं तर तोच आधी ओरडणार.

आता गीतेकडे वळू. आपण दर एकादशीला पंधरावा अध्याय म्हणतो. त्यात भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि चारही प्रकारचं अन्न मीच पचवतो. जेवण म्हणजे यज्ञ, हे आपण ताटावर बसताना म्हणतोच. पण सतराव्या अध्यायातले पाचवा-सहावा हे श्लोक आपण भराभर म्हणून पुढे जातो. तिथे भगवंतांनी चांगलं कडक सांगितलं आहे. जे शास्त्रात नाही असं घोर तप दंभानं आणि अहंकारानं करतात, देहातल्या भूतांना आणि देहात राहणाऱ्या मलाही कष्टवतात, त्यांचा निश्चय आसुरी समजावा. आम्ही हे वाचलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण वहीत कुणाचा संकल्प जास्त कठीण, यावर आमच्यात थोडी चुरस असायची. असायची काय, आहे.

त्याच अध्यायात आहाराचे तीन प्रकार येतात. सात्त्विक म्हणजे काय, असं कुणालाही विचारा; कमी, फिकं, कांदा-लसणाशिवाय, असंच सांगतील. भगवंत काय म्हणतात? आयुष्य, बळ, आरोग्य, सुख, प्रीती वाढवणारा; रसाळ, स्निग्ध, टिकाऊ, मनाला आवडणारा. स्निग्ध, म्हणजे त्यात तूपसुद्धा आलं. आणि तामस कोणता, तर शिजवून वेळ झालेला, रस गेलेला, शिळा, उष्टा. आता प्रत्येक गृहिणीनं आपलं दुपारचं ताट आठवावं. कालच्या दोन पोळ्या, मुलानं डब्यात परत आणलेली भाजी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेलं वरण, तेही थंड. घराला सात्त्विक वाढायचं आणि स्वतः तामस जेवायचं, आणि याला आपण त्याग म्हणायचं! अन्न वाया घालवू नये हे खरंच आहे, आम्हीही टाकत नाही. पण शिळ्याचा वाटा रोज एकाच ताटात का, एवढाच प्रश्न आहे. सकाळी फोडणीची पोळी केली तर ती सगळ्यांनी खावी.

सहाव्या अध्यायातही आहेच, की योग अति खाणाऱ्याचा नाही, आणि मुळीच न खाणाऱ्याचाही नाही. पहिला अर्धा भाग सरळसरळ आम्हां इंदूरकरांसाठी असावा. रात्री अकराला सराफ्यात उभं राहून साबुदाण्याची खिचडी, वर गराडू, आणि घरी येऊन "आज एकादशी होती" म्हणणारे आपल्यात कमी नाहीत.

हे सगळं बुधवारी वाचून झालं तेव्हा गटातल्या सगळ्यांत वडील आजी जरा नाराज झाल्या. "आम्ही जन्मभर केलं, काही नाही झालं आम्हांला," म्हणाल्या. आम्ही गप्प बसलो, त्यांचा अधिकारच आहे तेवढा. मग त्याच सांगत गेल्या, की त्यांच्या सासरी उपास असला की त्या दिवशी पाणी धाकटी जाऊ भरायची, दुपारी निजायला मिळायचं, संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, वर वाटीभर दूध. म्हणजे उपास होता पण राबणं नव्हतं. बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "थोरल्या जाऊबाईंना मात्र सारखी घेरी यायची. पाच बाळंतपणं झालेली. आम्ही घरात धरूनच चाललो होतो की त्यांच्या अंगात येतं." मग बराच वेळ त्या नुसत्या हातातली माळ बघत बसल्या.

त्यांच्या जाऊबाई एकट्या नव्हत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या हॉलमध्ये जाजमावर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त असू शकतात. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी. धाप, थकवा, कशातच मन न लागणं हे ओघानं आलंच. आणि आपल्या शाकाहारी घरांत दुसरी गोष्ट बी-१२ ची. ते डाळी-भाज्यांत नसतं. आपल्यासाठी ते दूध, दही, ताक, पनीर यांतच. ते कमी झालं की हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे आपल्या बहिणीचा साठा काही एका चातुर्मासात संपला नव्हता. घरातलं दूध मुलांना, दही सासऱ्यांना, आणि तिच्या वाट्याला चहात पडेल तेवढं, असं दहा वर्षं चाललं होतं. उपासानं फक्त ते उघडं पाडलं.

उपास सोडा असं आम्ही म्हणत नाही. आम्हीही करणार आहोत. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात जे काही बळ आहे ते आपण घातलेल्या दाण्यांचं, तेव्हा दाण्याच्या कुटात हात आखडू नये. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी नाही तर लाडू, दाण्याची आमटी, दही, दूध हे बरं. चहा जेवणाबरोबर आणि जेवणावर लगेच घेऊ नये, अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही तो. तासभर जाऊ द्यावा. उसळीवर, पोह्यांवर लिंबू पिळलं तर उलट फायदा. आजीच्या वेळची लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढावी. आणि उपासाला सैंधव वापरतो ते ठीक, पण काही घरांत आता बारा महिने सैंधवच सुरू झालं आहे. त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, आणि आयोडीन कमी पडलं तर थायरॉइडचं काम बिघडतं. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचंच मीठ असू द्यावं.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्या काका-काकूंना मात्र हात जोडून सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी किंवा निरंकार काही करू नका. साखर उतरली की घाम, थरथर, एकदम संताप, असंबद्ध बोलणं होतं. तेव्हा तीर्थ देत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या सुनांना उपासाची सक्ती करणारं घर आपल्या परिवारात नसावं, आणि असेल तर आम्हांला कळवा. आम्ही घरी येऊन सासूबाईंशी बोलू.

मनाचं सगळंच दुखणं पोटातून येतं असं नाही, हेही आम्हांला कळतं. कुणाला खरोखर मोठं दुःख असतं, कुणाला मनाच्या डॉक्टरांची गरज असते, आणि तिकडे जाण्यात कमीपणा काही नाही. जपानं आधार मिळतो हा आपला सगळ्यांचा अनुभव आहेच. फक्त यापुढे कुणी आमच्यापुढे रडलं, तर माळेचं बोलण्याआधी आम्ही दोन गोष्टी विचारणार आहोत. काय जेवलीस, आणि किती वाजता.

ती बहीण आता बरीच बरी आहे. गोळ्या, इंजेक्शनं, जेवण. महिन्याभरात धाप कमी झाली, रडू थांबायला होळी उजाडली. पोथीतली ओळ सुटत नाही आता. यंदा तिनं संकल्प एकच लिहायचा ठरवला आहे. चार महिने सगळ्यांबरोबर ताटावर बसायचं, पहिल्या वाढण्याला. आमच्यातली एक हसून म्हणाली, हे काय व्रत झालं! त्यावर ती म्हणाली, आठ दिवस करून बघा. आम्ही करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी पोळी गरम हवी होती आणि आमच्यातल्या चौघी उठल्या होत्या.

वही येत्या गुरुवारी आरतीनंतर फिरेल. संकल्पाच्या शेजारी यंदा आणखी एक रकाना आखला आहे. उपासाच्या दिवशी त्या व्यक्तीचं घरातलं कोणतं काम कोण करणार, हे त्यात घरातल्या दुसऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि सही करायची. रक्त तपासून घ्यायचं असेल त्या भगिनींनी आमच्यापैकी कुणालाही सांगावं, सगळ्या मिळून एकाच दिवशी जाऊ.

प्रसादाला मुगाची उसळ, लिंबू, दहीभात आणि राजगिऱ्याचे लाडू आहेत. भगिनींची पंगत पहिली बसेल. वाढायला गुरुबंधू लागतील, किमान आठ. नावं मंगळवारपर्यंत द्यावीत आणि साडेसहाला यावं. उसळ मोठ्या कढईत आहे, उचलायला दोघं हवेत.

॥ जय सद्गुरू ॥